सासूबाईंचे दात आणि गच्चीवरचा शुक्रवार

“मी भाजतो,” एल्बियो म्हणाला, आणि स्वयंपाकघरात अशी शांतता पसरली की गळक्या नळानंसुद्धा पुढचा थेंब रोखून धरला.

त्याची बायको निल्दा भोपळा चिरत होती, तिची सुरी भोपळ्यात अर्ध्यावरच अडकली. सासूबाई, म्हणजे दोन्या ब्लांका, आ वासून त्याच्याकडे पाहत राहिल्या. तोंडात एकही दात नसलेलं माणूस आ वासतं तेव्हा ते दृश्य फार गंभीर असतं. आपण काय बोलून गेलो, याची एल्बियोला तेव्हा कुठे कल्पना आली.

झालं होतं ते असं. शहाऐंशीव्या वर्षी सासूबाईंनी उरलेसुरले दात एकदाचे काढून टाकले होते आणि तेव्हापासून त्या भोपळ्याच्या गरावर दिवस काढत होत्या. मार्चअखेर नवी कवळी देतो, असं दाताच्या डॉक्टरांनी कबूल केल्यावर त्यांनी जाहीर केलं, की नव्या दातांचा पहिला घास निखाऱ्यावर भाजलेल्या मांसाचा असेल, आपल्या घरचा असेल आणि लोण्यासारखा मऊ असेल. लगेच थोरल्या जावयाला, वाल्तेरला, फोन लावायला लावला. वाल्तेर ताकुआरेम्बोचा, गाईगुरांच्या मुलखातला. घरातलं प्रत्येक मांस आजवर त्यानंच भाजलेलं. पण तो म्हणाला, एप्रिलच्या सुरुवातीला मी मासे धरायला नदीवर जातोय, त्याच्या पुढच्या महिन्यात बघू.

“म्हणजे मेपर्यंत भोपळाच,” सासूबाई म्हणाल्या. हे म्हणताना समोर बसलेल्या धाकट्या जावयाकडे त्यांनी पाहिलंही नाही. रागानं नाही पाहिलं असं नव्हे. पाहायचं असतं हे त्यांना सुचलंच नाही. नेमकं तेच एल्बियोला लागलं.

मोंतेविदेओत पुरुषाला गाडी चालवता आली नाही तरी चालतं. नाच येत नसला, पोहता येत नसलं, तरी लोक सांभाळून घेतात. पण निखाऱ्यांपुढे उभं राहता येत नाही म्हटल्यावर माणसं आवाज खाली आणून बोलतात, जणू घरात काही आनुवंशिक दुखणं आहे. एल्बियो नोटरीच्या कचेरीत कारकून. लग्नाला सत्तावीस वर्षं झालेली. या सत्तावीस वर्षांत कुटुंबाच्या जेवणावळीत त्याच्याकडे पाव कापण्याचं काम होतं, आणि तेही वाल्तेर येता-जाता सुधारून द्यायचा.

आता शब्द गेला होता. दुसऱ्याच दिवशी तो इमारतीच्या समितीच्या चिटणीस सिन्योरा ओफेलिया यांच्या दारात उभा राहिला. गच्चीवर एक विटांची भट्टी होती, सोळा घरांत मिळून एक. तिच्या पाळ्यांची वही ओफेलियाबाईंकडे असे. वहीत मेपर्यंतचे सगळे शनिवार-रविवार भरलेले. मधे एकच जागा कोरी: शुक्रवार, तीन एप्रिल.

“शुक्रवार?” ओफेलियाबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “नक्की?”

या बाईला माझ्या हातांवर भरवसा नाही, असं एल्बियोला वाटलं. त्यानं ताठ मानेनं सही केली आणि खालचा नियमही वाचला, कारण नियम वाचणं हाच त्याचा धंदा: घेतलेली पाळी सोडल्यास सदर घरास एक वर्ष पाळी मिळणार नाही.

तीन एप्रिलची जागा सगळ्या इमारतीनं मोकळी का सोडली असावी, हा प्रश्न दुसऱ्या कुणालाही पडला असता. एल्बियोला पडला नाही. यात त्याच्याइतकाच सरकारचाही दोष आहे. आमच्याकडच्या सरकारी कॅलेंडरात ईस्टरआधी पवित्र आठवडा नावाचा आठवडाच नाही. त्याला पर्यटन सप्ताह म्हणतात, आणि तो दर वर्षी आपली जागा बदलतो. फेब्रुवारीत बसून कोण मोजतं?

निल्दा मोजते. पण तिला कुणी विचारलं नाही.

मार्च सल्ल्यांत गेला. तिसऱ्या मजल्यावरचे हेबेर, बसचे निवृत्त चालक, काखेत थर्मास आणि हातात कडू चहाचा तुंबा घेऊन जिन्यातच त्याला गाठत. मीठ भाजण्याआधी लावलंत तर मांस रडतं, असं त्यांचं म्हणणं. तळमजल्यावरची शिंपीणबाई म्हणाली, मीठ नंतर लावलंत तर मांस रुसतं. रडकं बरं की रुसलेलं, यावर एल्बियोनं दोन रात्री विचार केला. खाटकानं मात्र एकच प्रश्न विचारला: “दात कुणाचे?” सासूचे, नवे, असं कळल्यावर त्यानं टोपी काढली. कण्याच्या आतल्या बाजूचा, गुरानं जन्मभर न वापरलेला स्नायू, तीन बोटं जाड कापून देण्याचं त्यानं कबूल केलं. वर सांगितलं: जाळीवर हात धरायचा आणि सात मोजायचे. सातच्या आत हात भाजला तर आच जास्त, सातनंतरही गार वाटला तर कमी. मांस एकदाच उलटायचं. टोचायचं नाही. उतरवल्यावर पाच मिनिटं फळीवर तसंच ठेवायचं. त्या पाच मिनिटांत जो सुरी लावेल तो माणूस नव्हे.

एल्बियोनं हे सगळं कचेरीच्या कागदावर कलमवार लिहून काढलं.

मार्चच्या शेवटच्या रविवारी निल्दा चर्चमधून ऑलिव्हच्या आशीर्वादित डहाळ्या घेऊन आली. नव्या डहाळ्या तिनं बेडरूमच्या दारावर लावल्या, गेल्या वर्षीच्या वाळलेल्या काढून स्वयंपाकघरात टोपलीत ठेवल्या. मग चर्चचं पत्रक फ्रिजच्या दारावर चिकटवायला गेली आणि चिकटवता चिकटवता थांबली. पत्रकावर होतं: शुक्रवार तीन, संध्याकाळी पाच, क्रुसाच्या वाटेची मिरवणूक. शेजारच्या कागदावर नवऱ्याच्या सुरेख कारकुनी अक्षरात: शुक्रवार तीन, संध्याकाळी पाच, मांस उलटणे.

निल्दा कधी आवाज चढवत नाही. ईस्टरआधीचे चाळीस दिवस ती साखर सोडते, रोज पहाटे जपमाळ ओढते आणि कुणाला सांगत नाही. तिनं दोन्ही कागद नीट सरळ केले, ओल्या फडक्यानं फ्रिज पुसला आणि म्हणाली, “एल्बियो, तो गुड फ्रायडे आहे. त्या दिवशी माझ्या घरात मांस शिजणार नाही.”

एल्बियोला सुचलं ते कचेरीतलं. तो म्हणाला की गच्ची हे आपलं घर नव्हे, ती सामायिक मालमत्ता आहे, तिच्यात आपला वाटा फक्त एक सोळांश.

“मग पापाचाही एक सोळांश तू घे,” निल्दा म्हणाली. “बाकीचं कुणाला वाटतोस ते बघ.”

बायको इतकं बोलली म्हणजे प्रकरण मोठं. पाळी सोडून द्यायची असं त्यानं मनात ठरवलंही. पण तेवढ्यात आतल्या खोलीतून काठी वाजली. सासूबाई नवी कवळी घालून बाहेर आल्या होत्या आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं.

त्यांचे वडील चर्चवरून जाताना टोपी मुद्दाम घट्ट बसवत. सासूबाईंनी तोच वसा चालवला होता: साठ वर्षं त्या गुड फ्रायडेला न चुकता मांस खात आल्या होत्या, पाद्र्यांना कळावं म्हणून, आणि एकाही पाद्र्याला आजवर ते कळलं नव्हतं. पण निल्दाच्या लग्नानंतर त्यांना ते बाहेर जाऊन खावं लागे; त्या दिवसासाठी घरात मांस आणायची हिंमत कुणी केली नव्हती. वाल्तेरनंही नाही. आता त्यांनी धाकट्या जावयाकडे सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा नीट पाहिलं.

“हे तू मुद्दाम केलंस,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं नव्हतं तुझ्यात हे असेल.”

आता सांगा, माणसानं काय करावं? सत्तावीस वर्षांनी मिळालेली शाबासकी, तीही चुकीनं मिळालेली. परत केली तर पुन्हा पाव कापायचा. ठेवली तर बायको. एल्बियो काहीच बोलला नाही, आणि घरातल्या दोघी बायका आपापल्या अर्थानं ते समजल्या.

चार दिवस तो पळत होता. ओफेलियाबाई म्हणाल्या, तारीख बदलायची तर दोन तृतीयांश घरांच्या सह्या आणा. सोळांपैकी अकरा घरं पर्यटनाला गेलेली. राहिली वाट चर्चची. फादर आन्सेल्मोंकडे जाऊन त्यानं सगळं प्रकरण नाव न घेता मांडलं: समजा, अमुक एक व्यक्ती आहे, वृद्ध, आणि तिनं त्या दिवशी मांस खाल्लं तर? फादर म्हणाले, आजारी माणसाला चर्चची मोकळीक असते. व्यक्ती आजारी आहे का? एल्बियो धावत घरी आला आणि सासूबाईंना अगदी हळू आवाजात विचारलं, की शुक्रवारपुरत्या, दुपारपासून, त्या आजारी पडू शकतील का.

“चार महिने भोपळा खाल्ला तेव्हा मी आजारी नव्हते,” सासूबाई म्हणाल्या, “आणि आता मांस खायला आजारी पडू?”

शेवटी निल्दानंच तोडगा काढला. ती म्हणाली, तू कर काय करायचं ते. मी साडेचारला मिरवणुकीला जाईन. मला दिसता कामा नये आणि वास येता कामा नये. एल्बियोनं छातीवर हात ठेवून शब्द दिला. मिरवणूक दर वर्षी पलीकडच्या हमरस्त्यानं जाते, हे त्याला ठाऊक होतं. या वर्षी तिथे पाण्याच्या नळासाठी खणून ठेवलंय, हे त्याला ठाऊक नव्हतं.

शुक्रवारी सकाळी तो लाकूड आणायला निघाला आणि सगळ्या वखारी बंद. देशातलं झाडून सगळं जळण सुट्टीवर गेलेल्या लोकांनी समुद्रकाठी नेलं होतं. पाच ठिकाणं फिरून शेवटी एका पेट्रोल पंपावर पोती दिसली, आणि ती दिसल्यावर एल्बियो जागच्या जागी उभा राहिला. कोळसा होता तो.

नदीपलीकडच्या देशातले लोक कोळशावर भाजतात, आमच्याकडे फक्त लाकडावर. इकडे त्यांच्याबद्दल वाईट बोलायची वेळ आली की एवढंच बोलतात, आणि ते पुरतं. इथल्या माणसाच्या हातात कोळशाचं पोतं दिसणं म्हणजे सोवळ्यातल्या बाईच्या पिशवीत दारूची बाटली दिसणं. एल्बियोनं इकडे तिकडे पाहून एक पोतं घेतलं, ते धुण्याच्या पिशवीत घातलं, वरून दोन टॉवेल पसरले. लिफ्टमध्ये हेबेर भेटले. पिशवीच्या कोपऱ्यातून काळी भुकटी हळूहळू त्यांच्या पांढऱ्या चपलेवर सांडत होती. हेबेर भुकटीकडे पाहत राहिले, मग छताकडे. तिसरा मजला आल्यावर एवढंच म्हणाले, “मी काही पाहिलं नाही.” माणसं मयताच्या घरी ज्या आवाजात बोलतात, त्या आवाजात म्हणाले.

निल्दा मिरवणुकीला गेल्यावर सासूबाईंना खुर्चीसकट गच्चीवर चढवलं. गळ्याखाली रुमाल, हातात काटा, तोंडात दात. एल्बियोनं कोळसा रचला, वर्तमानपत्र पेटवलं. कोळसा पेटला नाही. दुसरं वर्तमानपत्र, तिसरं. कचेरीतले जुने मसुदे. शेवटी स्वतःची कलमवार यादी. कोळसा ओला होता.

“वाल्तेर एका काडीत पेटवतो,” सासूबाई म्हणाल्या.

एल्बियो जिना उतरून घरात गेला आणि हाताला लागेल ते वाळकं जळण घेऊन आला. टोपलीत एक छान वाळलेली जुडी होती. भट्टीत टाकताच ती चरचरून पेटली, कोळशानं पेट घेतला, आणि दाट, पांढरा, सुगंधी धूर उठला. वारा नदीचा होता. त्यानं तो धूर वर जाऊच दिला नाही; कठड्यावरून खाली रस्त्यावर लोटला.

खालून गाण्याचा आवाज आला. एल्बियोनं कठड्यावरून वाकून पाहिलं. मिरवणूक बरोबर त्यांच्या इमारतीखाली आली होती. पुढे लाकडी क्रूस, मागे फादर, मागे शंभरेक माणसं, आणि त्यांच्यावर स्वर्गातून उतरावा तसा पांढरा धूर उतरत होता. लोकांना वाटलं धूप आहे. काही बायका तिथंच गुडघ्यावर बसल्या. एका म्हाताऱ्यानं तर आकाशाकडे हात उंच केले.

तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, “निखारे झाले. टाक.”

माणूस भांबावला की सांगितलेलं करतो. त्यानं मांस जाळीवर टाकलं. धुपाच्या वासात दुसरा एक वास मिसळला, आणि गुडघ्यावर बसलेल्या बायका हळूहळू उभ्या राहिल्या. चाळीस दिवसांच्या उपासात पोट गप्प बसतं, पण नाकाला शिस्त लावता येत नाही. शंभर तोंडं वर वळली. त्यांत एक निल्दाचं होतं.

ती वर आली तेव्हा एल्बियो हात जाळीवर धरून सात मोजत होता आणि चारच्या पुढे जात नव्हता. तिच्यामागे धापा टाकत फादर आन्सेल्मो. निल्दानं नवऱ्याकडे पाहिलंच नाही. भट्टीच्या कडेला एक अर्धवट जळलेली डहाळी पडली होती. तिनं ती उचलली.

“या माझ्या ऑलिव्हच्या डहाळ्या आहेत,” ती म्हणाली. “गेल्या वर्षीच्या. आशीर्वादित.”

एल्बियोला वाटलं, आता वीज पडेल, आणि पडली तर बरं. फादर भट्टीपाशी आले. ते म्हणाले, “निल्दा, जुन्या डहाळ्या जाळायच्याच असतात, टाकायच्या नसतात, ते एक बरंच झालं,” आणि बोलता बोलता खाली वाकले. वाकलेलेच राहिले. सरळ झाले तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“हा कोळसा आहे,” फादर म्हणाले.

एल्बियोनं मान खाली घातली.

“माझा बाप गुरं राखायचा,” फादर म्हणाले. “मी चाळीस वर्षं लोकांची पापं ऐकतोय. पण कोळसा.” त्यांनी हात पाठीमागे घट्ट बांधून घेतले, कारण दुसऱ्याच्या विस्तवाला हात लावायचा नाही हे पाद्र्यालाही लागू असतं. मग उपाशीपोटी, घाम पुसत, ते सूचना देऊ लागले. निखारे डावीकडे ओढ. इतके नाही. आता थांब. अजून थांब. आता उलट. निल्दा त्यांच्याकडे बघतच राहिली; तिच्या जन्मात तिनं असा गुड फ्रायडे पाहिला नव्हता.

मांस उतरलं. फळीवर पाच मिनिटं सगळे त्याच्याभोवती उभे होते, आणि खरं सांगायचं तर त्या पाच मिनिटांत मिरवणुकीपेक्षा जास्त शांतता होती. मग एल्बियोनं सुरी ठेवली. दाबली नाही, नुसती ठेवली. सुरी आपली आपण खाली गेली. आत गुलाबी, बाहेर तांबूस, कडेला रसाचा एक थेंब. असं काही आपल्या हातून झालंय यावर त्याचा विश्वास बसेना.

त्यानं ताट सासूबाईंपुढे ठेवलं. त्यांनी काटा उचलला, तुकडा टोचला, तोंडापाशी नेला.

“घ्या बाई, घ्या,” फादर मायेनं म्हणाले. “तुमच्या वयाकडे पाहून आज चर्चची मोकळीक आहे. मी देतो.”

काटा थांबला.

“कोण देतो?” सासूबाई म्हणाल्या.

“मी.”

सासूबाईंनी काटा ताटात ठेवला. गळ्याचा रुमाल काढून घडी केली. “साठ वर्षं मी या दिवशी खाते ते तुम्ही खाऊ देत नाही म्हणून,” त्या म्हणाल्या. “पाद्र्याच्या परवानगीनं मी घास घ्यायची नाही. भोपळा आहे का गं, निल्दा?”

एल्बियो खुर्चीच नव्हती तिथे बसायला गेला आणि गच्चीवर आपटला. आणि निल्दा, जी रविवारपासून हसली नव्हती, ती हसायला लागली. तोंडावर शाल धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग क्रुसाची खूण करून देवाची माफी मागितली, आणि आईसाठी भोपळा गरम करायला खाली गेली.

शनिवारी दुपारी सासूबाईंनी फ्रिज उघडून ते ताट काढलं. गरम करू का, असं एल्बियोनं विचारलं, तर म्हणाल्या, गरम असताना काय, कुणाचंही मऊ लागतं. टेबलाशी बसून त्यांनी थंडगार तुकडा कापला आणि तोंडात घातला. निल्दा चर्चला जायला तयार होऊन दारात उभी होती. एल्बियो वर्तमानपत्रामागे. घरभर फक्त नव्या दातांचा आवाज. एक तुकडा, दुसरा, पाचवा. ताट रिकामं झालं, बाई एक अक्षर बोलल्या नाहीत.

फोन वाजला. नदीवरून वाल्तेर होता: मेच्या पहिल्या रविवारी येतो, लाकूड घेऊनच येतो, तुमच्या दातांचं उद्घाटन करू.

“ये की,” सासूबाई म्हणाल्या. “मोकळ्या हातांनी ये. भाजायला आमच्या घरात माणूस आहे.” मग फोन ठेवून, कुणाकडेही न पाहता म्हणाल्या, “मीठ कमी होतं,” आणि झोपायला निघून गेल्या.

एल्बियो वर्तमानपत्रामागून बाहेर येईना. निल्दानं जवळ जाऊन ते हलकेच खाली केलं.

“काय म्हणाल्या त्या?” त्यानं विचारलं.

“मीठ कमी होतं.”

“त्याआधी.”

निल्दानं सांगितलं. त्यानं पुन्हा विचारलं, तिनं पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा तिनं ते वाक्य अगदी सावकाश, आईच्या आवाजात म्हणून दाखवलं. चौथ्यांदा मात्र तिनं दारावरची शाल घेतली आणि म्हणाली, “बाकीचं मी आल्यावर. उशीर होतोय मला.”